मुलांचे दुर्मीळ आजार : निदानात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत कशी घ्यावी

एकेका दुर्मीळ आजाराचे रुग्ण थोडे असतात, पण असे आजार हजारो आहेत. युरोपीय संघात दहा हजारांमागे पाचांपेक्षा जास्त लोकांना न होणारा आजार दुर्मीळ समजतात. अमेरिकेत देशभरात दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेला. भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात असा आकडा नाही, कारण तो ठरवण्याइतकी देशव्यापी नोंदच हाताशी नव्हती. ऑर्फानेट या युरोपीय माहितीकोशातील सहा हजारांहून अधिक आजारांचा आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांतील सुमारे ७२ टक्के जनुकीय आणि सुमारे ७० टक्के केवळ बालवयात सुरू होणारे निघाले. हा प्रश्न मुख्यतः मुलांचा आहे आणि त्याची पहिली गाठ पडते ती बालरोगतज्ज्ञाशी, खेड्यापाड्यांत तर फॅमिली डॉक्टरशीच.

अशा एकेका आजाराचा रुग्ण डॉक्टरच्या साऱ्या कारकिर्दीत एकदा दिसतो किंवा दिसतही नाही. हर्लर सिंड्रोम हे त्याचे चांगले उदाहरण आहे. पेशींतील साखरेच्या लांब साखळ्या तोडणारे एक एंझाइम या मुलांत नसते, त्यामुळे त्या साखळ्या शरीरभर साठत जातात. जन्मतः बाळ निरोगी दिसते. पुढे सर्दी आणि कान फुटणे सारखे सुरू होते, म्हणून त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेले जाते. बेंबीचा हर्निया शल्यचिकित्सक पाहतो, पाठीचा बाक आणि आखडलेली बोटे अस्थिरोगतज्ज्ञ पाहतो, धुरकट होत चाललेली बुबुळे नेत्रतज्ज्ञाकडे जातात. प्रत्येक जण आपले काम नीट करतो, पण या सगळ्या गोष्टी एका कागदावर कधी येत नाहीत. युरोपातील हजारो दुर्मीळ रुग्णांच्या एका पाहणीत पहिल्या लक्षणापासून निश्चित निदानापर्यंतचा काळ सरासरी ४.७ वर्षे निघाला. हर्लरच्या तीव्र प्रकारात मूळपेशी प्रत्यारोपणाचा खरा फायदा पहिल्या दोन वर्षांच्या आसपास होतो. भारताच्या धोरणातही या प्रत्यारोपणासाठी पहिल्या दोन वर्षांचीच अट आहे. निदानाला चार वर्षे लागली, तर उपचाराची वेळ निघून गेलेली असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग या ठिकाणी आहे. विखुरलेली लक्षणे एकत्र घेऊन ती हजारो आजारांच्या वर्णनांशी ताडून पाहणे आणि डॉक्टरच्या मनात न आलेले नाव समोर ठेवणे हे काम संगणक थकवा न येता करतो. निदान पक्के होते ते एंझाइमच्या तपासणीने, जनुकीय चाचणीने आणि मुलाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरच्या निर्णयाने. संगणकाला जे दिले जाते त्यापलीकडे त्याला काही कळत नाही, म्हणून चांगली नोंद ही या सगळ्या साधनांची पहिली अट आहे.

लक्षणांची नेमकी नोंद

आजारांची लक्षणे संगणकाला कळावीत यासाठी २००८ पासून ह्युमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजी, म्हणजे एचपीओ, नावाचा शब्दसंग्रह तयार होत आला आहे. बर्लिनमध्ये पीटर रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी त्याची सुरुवात केली. आज त्यात अठरा हजारांच्या आसपास संज्ञा आहेत आणि प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक आहे. संज्ञा सामान्याकडून विशिष्टाकडे अशा पायऱ्यांनी जोडलेल्या आहेत. ‘फेनोमायझर’, ‘एक्झोमायझर’, ‘लिरिकल’ ही साधने याच संग्रहावर चालतात. रुग्णाची लक्षणे आजाराच्या नोंदवलेल्या लक्षणांशी किती जुळतात, याचे गणित ती मांडतात आणि दुर्मीळ लक्षण जुळले तर त्याला जास्त वजन देतात. ताप शेकडो आजारांत येतो, त्यावरून फारसे काही ठरत नाही. बुबुळाच्या कडेचे तपकिरी-हिरवट कडे मोजक्याच आजारांत दिसते आणि थेट विल्सनच्या आजाराकडे बोट दाखवते.

म्हणून केसपेपरवर ‘वाढ कमी, अशक्त’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोणतेही साधन उपयोगी पडत नाही. मान कितव्या महिन्यात धरली, पालथे कधी पडले, आधाराशिवाय कधी बसले, पहिला अर्थपूर्ण शब्द कधी आला, हे महिन्यांत लिहावे. डोक्याचा घेर टेपने मोजून तारखेसह लिहावा. एका मापापेक्षा सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेली दोन मापे अधिक सांगतात. बाळ हातात सैल लागते आणि बाळाच्या स्नायूंत ताकद नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या संज्ञाही वेगळ्या आहेत. सैल असूनही हातपाय जोरात झाडणारे बाळ बहुधा मेंदूच्या दोषाकडे नेते; सैल आणि निश्चल बाळ नसा-स्नायूंच्या आजाराकडे, उदाहरणार्थ स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीकडे.

सर्वांत महत्त्वाचा फरक उशीर आणि पीछेहाट यांतला आहे. उशिरा बोलणारे मूल वेगळे आणि बोलणारे मूल बोलायचे थांबणे वेगळे. कुटुंबात ‘याचे वडीलही उशिराच बोलले’ असे म्हणून दोन्ही एकाच सदरात टाकले जातात. आलेले कौशल्य जाणे ही कोणत्याही वयात तातडीची खूण आहे आणि ती नोंदीत ठळकपणे, वयासह आली पाहिजे. जे नाही तेही लिहावे: आकडी कधीच आली नाही, यकृत-प्लीहा वाढलेले नाहीत, ऐकू नीट येते. ‘लिरिकल’सारखी साधने नकारही हिशेबात घेतात, आणि एका नकारामुळे यादीतली अनेक नावे खाली सरकतात.

कौटुंबिक इतिहास हा महाराष्ट्रात विशेष काळजीने विचारण्याचा भाग आहे. ‘नात्यात लग्न आहे का?’ या प्रश्नाला अनेकदा ‘नाही’ असे उत्तर येते, कारण मामाच्या मुलीशी लग्न ही अनेक समाजांत चालत आलेली रीत आहे आणि ते कोणाला सांगण्यासारखे वाटत नाही. ‘लग्नाआधी सासू-सासरे कोणी मामा, आत्या लागत होते का?’ असे नेमके विचारावे. आई-वडील एकाच लहान गावचे किंवा एकाच छोट्या पोटजातीतले असतील, तर तेही लिहावे. अशा समूहात एकच जुने उत्परिवर्तन पिढ्यान्‌पिढ्या फिरत असू शकते. अगरवाल समाजात आढळणारा, डोके मोठे होत जाणारा पांढऱ्या मेंदूद्रव्याचा एक आजार भारतीय वैद्यकात याच कारणाने ओळखीचा आहे. तान्हेपणी गेलेली भावंडे आणि वारंवार झालेले गर्भपात यांविषयी हळुवारपणे, पण न चुकता विचारावे. ही माहिती घरचे लोक आपणहून क्वचितच सांगतात.

चेहऱ्यावरून मिळणारा धागा

बऱ्याच जनुकीय आजारांत चेहऱ्याची एक विशिष्ट ठेवण असते. अनुभवी जनुकतज्ज्ञाला ती पाहताक्षणी जाणवते, पण असे तज्ज्ञ थोडे आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. ‘फेस२जीन’ हे आरोग्य व्यावसायिकांसाठीचे ॲप समोरून काढलेल्या साध्या छायाचित्रावरून अशा ठेवणीचा अंदाज घेते. त्यामागची ‘डीपजेस्टाल्ट’ ही पद्धत जानेवारी २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. ती दोनशेहून अधिक सिंड्रोमच्या सतरा हजारांहून अधिक छायाचित्रांवर शिकवलेली होती आणि ५०२ छायाचित्रांच्या परीक्षेत ९१ टक्के वेळा योग्य नाव तिच्या पहिल्या दहा सूचनांमध्ये होते. पुढे जर्मनीतील बॉन येथील गटाने ‘जेस्टाल्टमॅचर’ तयार केले. शिकवताना ज्या सिंड्रोमची छायाचित्रे नव्हती, तेथेही दोन रुग्णांच्या चेहऱ्यांतले साम्य ते शोधू शकते. जगात ज्याचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रुग्ण माहीत आहेत अशा आजारात हे फार मोलाचे आहे.

९१ टक्के हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. दहा नावांची यादी येते, त्यांत बरोबर नाव असले तरी ते एकच असते. उरलेली नऊ चुकीची असतात. शिवाय त्या परीक्षेतील प्रत्येक मुलाला कोणता ना कोणता सिंड्रोम होताच. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या बहुतेक मुलांना तो नसतो, आणि पूर्ण निरोगी मुलाचा फोटो टाकला तरी ॲप काही नावे सुचवतेच. म्हणून हे साधन प्रत्येक मुलावर वापरण्याचे नाही. वाढ खुंटणे, विकासात उशीर, जन्मजात हृदयदोष, आकडी यांसारखे काही कारण असेल आणि डॉक्टरला चेहरा वेगळा वाटत असेल, तेव्हाच ते उघडावे.

दुसरी अडचण आपल्याकडच्या मुलांशी थेट संबंधित आहे. या पद्धती मुख्यतः युरोपीय वंशाच्या चेहऱ्यांवर शिकल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेल्या बेल्जियन मुलांपैकी ८० टक्के ‘फेस२जीन’ने ओळखली, तर काँगोतील मुलांपैकी केवळ ३७ टक्क्यांच्या आसपास; आफ्रिकी मुलांची छायाचित्रे शिकवल्यावर हे प्रमाण जवळपास ९५ टक्क्यांवर गेले. वॉशिंग्टनच्या चिल्ड्रेन्स नॅशनल हॉस्पिटलमधील संशोधकांनी २०२१ मध्ये २८ देशांतील २,८०० मुलांवर आपली पद्धत तपासली, तेव्हा गोऱ्या मुलांत अचूकता ९० टक्के, तर आशियाई मुलांत ८२ टक्के होती. दोष यंत्राच्या बुद्धीत कमी आणि त्याला दाखवलेल्या चेहऱ्यांत जास्त आहे. भारतीय डॉक्टरांनी निश्चित निदान झालेल्या मुलांची छायाचित्रे, पालकांच्या संमतीने, अशा संग्रहांना दिली तर पुढच्या भारतीय मुलांचे निदान सुधारेल. हे काम दुसरे कोणी करून देणार नाही.

फोटो काढताना मूल समोर पाहत असावे, चेहऱ्यावर सारखा उजेड असावा, तोंड मिटलेले असावे. टोपडे, चष्मा, कपाळावरची मोठी तीट आणि डोळ्यांतले काजळ काढावे. वयानुसार चेहरा बदलतो, म्हणून तान्हेपणाचे, पहिल्या वाढदिवसाचे, शाळेत घालतानाचे असे जुने फोटोही पाहावेत. आई-वडिलांचे त्याच वयातले फोटो शेजारी ठेवणे सर्वांत उपयोगी; कित्येकदा ‘वेगळा’ वाटणारा चेहरा आजोबांचा निघतो.

सूचना मिळाल्यावर काय करायचे हे आधीच ठरलेले असावे. विल्यम्स सिंड्रोमचे नाव आले, तर हृदयाची सोनोग्राफी करून महाधमनी झडपेच्या वर अरुंद झाली आहे का ते पाहता येते, रक्तातील कॅल्शियम तपासता येते आणि सातव्या गुणसूत्राचा तुकडा गळाला आहे का, हे फिश किंवा मायक्रोअॅरे चाचणीने पक्के करता येते. सूचनेचा खरा फायदा हा आहे: योग्य चाचणी पहिल्यांदाच सांगितली जाते आणि कुटुंबाचा पैसा अंदाधुंद तपासण्यांवर जात नाही.

जनुकीय चाचणी आणि तिच्यातली छाननी

सगळ्यांत जास्त फायदा आज येथे होतो. मानवी जनुके सुमारे वीस हजार आहेत. प्रथिने घडवणारा भाग, म्हणजे एक्सोम, संपूर्ण जीनोमच्या एक-दोन टक्केच असतो. संपूर्ण जीनोम वाचला तर एका माणसात संदर्भ-जीनोमपेक्षा चाळीस-पन्नास लाख ठिकाणी फरक सापडतात आणि त्यांतले बहुतेक सर्व निरुपद्रवी असतात. आजाराला कारण ठरलेला एक किंवा दोन फरक त्यांतून शोधायचे असतात. ‘एक्झोमायझर’ यासाठी तीन गोष्टींची सांगड घालतो: तो फरक लोकसंख्येत किती दुर्मीळ आहे, प्रथिनाला किती बाधक आहे आणि त्या जनुकाचा आजार या मुलाच्या लक्षणांशी किती जुळतो. लक्षणांची तुलना करताना उंदीर आणि झेब्राफिशमधील माहितीही तो वापरतो. ‘जेम’ या दुसऱ्या प्रणालीच्या २०२१ च्या अभ्यासात ११९ रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांत खरे जनुक पहिल्या दोन क्रमांकांत आले.

एकाच अक्षराच्या बदलामुळे प्रथिनातील एक अमिनो आम्ल बदलते, तेव्हा तो बदल घातक आहे का, हे सांगणे सर्वांत कठीण असते. गूगल डीपमाइंडच्या ‘अल्फामिसेन्स’ने सप्टेंबर २०२३ मध्ये अशा ७.१ कोटी संभाव्य बदलांचा अंदाज प्रसिद्ध केला. त्यांतील ३२ टक्के बहुधा घातक, ५७ टक्के बहुधा निरुपद्रवी आणि उरलेले अनिश्चित होते. असा अंदाज हा निकालातील अनेक पुराव्यांपैकी एक असतो. २०१५ पासून वापरात असलेल्या अमेरिकी निकषांनुसार प्रत्येक बदल पाच वर्गांपैकी एकात बसवला जातो, आणि केवळ संगणकाच्या अंदाजावर कोणताही बदल ‘घातक’ या वर्गात जात नाही.

वेगाचे महत्त्व नवजात अतिदक्षता विभागात दिसते. अमेरिकेत सॅन डिएगोच्या रेडी चिल्ड्रेन्स संस्थेत स्टीफन किंग्समोर यांच्या गटाने तपासलेल्या पाच आठवड्यांच्या एका बाळाची नोंद २०२१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली. बाळ सारखे रडत होते, दूध पीत नव्हते, मेंदूच्या स्कॅनमध्ये बदल दिसत होते. आई-वडील जवळच्या नात्यातले होते आणि त्यांचे एक मूल पूर्वी अशाच आजाराने, निदान न होता, दगावले होते. स्वयंचलित छाननीच्या मदतीने सुमारे साडेतेरा तासांत जीनोम वाचून उत्तर मिळाले: थायमिनच्या वहनातील एक जनुकीय दोष. थायमिन आणि बायोटिन ही दोन जीवनसत्त्वे आणि आकडीचे औषध सुरू केले आणि काही तासांत बाळ शांत होऊन बाटलीने दूध पिऊ लागले. औषध स्वस्त आणि जुने होते. उशीर झाला असता तर मेंदूची हानी भरून निघाली नसती.

भारतात मात्र अहवाल वाचताना एक वेगळी सावधगिरी लागते. युरोपीय माहितीसंचात दुर्मीळ दिसणारा बदल भारतातल्या एखाद्या समाजात सर्रास असू शकतो, आणि मग निरुपद्रवी बदलावर आजाराचा शिक्का बसतो. सीएसआयआरच्या ‘इंडिजेन’ प्रकल्पातील हजारावर जीनोम आणि ‘जीनोमइंडिया’ प्रकल्पातील दहा हजार जीनोम ही चूक टाळण्यासाठी उपयोगी पडतात. आपल्या नमुन्याची तुलना भारतीय माहितीशी केली का, हे डॉक्टरने प्रयोगशाळेला विचारावे. चाचणी मागवताना अर्जावर लक्षणांचा रकाना भरभरून लिहावा. बऱ्याचदा तेथे ‘विकासात उशीर’ एवढेच असते, आणि मग छाननी करणाऱ्या प्रणालीकडे जुळवायला काहीच नसते. शक्य असेल तर मुलासोबत आई आणि वडील दोघांचेही नमुने द्यावेत; मुलात नव्याने झालेला बदल त्यामुळे लगेच उठून दिसतो.

एक्सोम ‘नॉर्मल’ आला म्हणजे आजार जनुकीय नाही, असा अर्थ काढू नये. फ्रॅजाइल एक्ससारखे पुनरावृत्तीचे दोष, अँजेलमन आणि प्रेडर-विली यांतील मेथिलेशनचे दोष, मायटोकॉन्ड्रियातील बरेच बदल नेहमीच्या एक्सोममध्ये सुटू शकतात. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफीसाठी एमएलपीएसारखी वेगळी चाचणी करतात. वाचल्याच न गेलेल्या भागातला दोष कोणतीही कृत्रिम बुद्धिमत्ता शोधणार नाही.

चॅटबॉटला विचारताना

चॅटजीपीटीसारखी साधने आता प्रत्येकाच्या फोनवर आहेत आणि काळजीत पडलेले पालक रात्री अकरा वाजता तिथेच जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, पण या साधनांची मर्यादा त्यांना माहीत असावी. जानेवारी २०२४ मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला. बालरोगशास्त्रातील १०० अवघड प्रकरणे चॅटजीपीटीला दिली. ८३ मध्ये निदान चुकले, त्यांतील ७२ साफ चुकीची आणि ११ मोघम होती. त्यानंतरची मॉडेल्स सुधारली आहेत, तरी त्यांचा स्वभाव बदललेला नाही: उत्तर चुकीचे असले तरी ते तितक्याच ठामपणे येते आणि कधीकधी अस्तित्वात नसलेला संदर्भही जोडलेला असतो.

डॉक्टरांना या साधनांचा चांगला उपयोग करून घेता येतो. जाडजूड फाइलमधून घटनांचा कालक्रम लावणे, वर्णनातून एचपीओच्या संज्ञा काढणे, राहिलेल्या शक्यतांची यादी मागणे ही कामे ती बरी करतात. आपल्या मनातले निदान आधीच सांगून ‘हे बरोबर आहे ना?’ असे विचारू नये. मॉडेल बहुतेकदा होकार देते. लक्षणे आणि नकार दोन्ही देऊन यादी मागावी आणि प्रत्येक नावासाठी ‘कोणती लक्षणे याच्या विरोधात जातात? कोणत्या एका चाचणीने हे वगळता येईल?’ असे विचारावे. मिळालेले प्रत्येक नाव ऑर्फानेट किंवा ओमिमसारख्या विश्वसनीय कोशात स्वतः पडताळावे.

पालकांनी चॅटबॉटचा उपयोग अहवालातील शब्द मराठीत समजून घेण्यासाठी आणि डॉक्टरला विचारायच्या प्रश्नांची यादी करण्यासाठी करावा. त्याच्या सांगण्यावरून आकडीचे औषध बंद करणे, मुलाचे दूध किंवा डाळ तोडणे, जीवनसत्त्वांचे मोठे डोस सुरू करणे हे धोक्याचे आहे. अमिनो आम्लांच्या चयापचयातील एका आजारात जो आहार प्राण वाचवतो, तोच दुसऱ्या मुलाची वाढ खुंटवतो. मुलाचे नाव, आधार क्रमांक, चेहऱ्याचा फोटो किंवा जनुकीय अहवालाची पूर्ण फाइल सार्वजनिक चॅटबॉटवर टाकू नये. जनुकीय माहिती फक्त त्या मुलाची नसते, ती भावंडांची आणि पुढच्या पिढीचीही असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि आयसीएमआरच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्यसेवेत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरताना माणसाची देखरेख आणि रुग्णाची संमती अपेक्षित आहे. रुग्णालयात फोटो काढला जात असेल, तर तो कोठे साठवला जाईल, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

महाराष्ट्रात कोठे जावे

शंका आल्यावर पहिली पायरी घराजवळच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमध्ये झाली. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात, आणि पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. पथकातील डॉक्टरांना वर सांगितलेली नोंद मिळाली, तर मुलाला योग्य जागी पाठवणे त्यांना सोपे जाते.

दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरणाखाली नेमलेले महाराष्ट्रातील उत्कृष्टता केंद्र मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी २०२२ पासून एका रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती अशा केंद्रामार्फतच आणि निश्चित निदान झाल्यावर. संगणकाच्या यादीतले नाव तेथे चालत नाही, चाचणीचा अहवाल लागतो. जाताना सोबत एकच फाइल असावी: तारीखवार घटनाक्रम, वाढीची मापे, जुन्या अहवालांच्या प्रती, तीन पिढ्यांची वंशावळ, वेगवेगळ्या वयांतले फोटो आणि आकडी किंवा विचित्र हालचालींचे मोबाइलवर काढलेले छोटे व्हिडिओ. डॉक्टरसमोर मूल त्या वेळी अगदी ठीक असते, आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

काही आजारांत तर वाट पाहायचीच नसते. तान्ह्या बाळाला औषधांना दाद न देणारी आकडी, अंगावर पुरळ आणि केस गळणे एकत्र दिसले, तर बायोटिनिडेसची कमतरता तपासावी. उपचार म्हणजे रोजची बायोटिनची गोळी. पण उशिरामुळे एकदा गेलेले ऐकू येणे सहसा परत येत नाही.

इतके करूनही अनेक मुलांचे निदान पहिल्या फेरीत होत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधील ‘डीडीडी’ अभ्यासात ज्या १,१३३ कुटुंबांचे विश्लेषण सुरुवातीला झाले, त्यांत २७ टक्के मुलांचे निदान झाले होते. काही वर्षांनी तीच जुनी माहिती नव्या ज्ञानासह आणि सुधारलेल्या पद्धतींनी पुन्हा तपासली, तेव्हा हे प्रमाण ४० टक्क्यांवर गेले. कोणाचेही नवे रक्त घ्यावे लागले नाही. म्हणून प्रयोगशाळेकडून छापील अहवालासोबत मूळ डेटाच्या फाइलीही मागून घ्याव्यात, त्या दोन ठिकाणी जपून ठेवाव्यात, आणि दीड-दोन वर्षांनी किंवा मुलात नवे लक्षण दिसताच फेरविश्लेषणाची विनंती करावी.